कौतुक आईचे, कर्तव्य शेजाऱ्यांचे

मराठी कथेला आईचे वेड आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. मूल चारचौघांसारखे नसले की आमचा लेखक आईच्या त्यागाला ओंजळभर फुले वाहतो आणि कथा संपवतो. वाचकही डोळे पुसून फराळाच्या ताटाकडे वळतो. ह्या सवयीचा विचार करायचा तर 'चौकट राजा' हा १९९१ सालचा, संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट पुन्हा पाहावा.

लहानपणीच्या अपघाताने नंदूची बुद्धी खुंटली आहे, शरीर तेवढे वाढले आहे. दिलीप प्रभावळकर यांनी तो अशा संयमाने उभा केला आहे की त्याचे हसू येते, पण तो हास्यास्पद होत नाही. सुलभा देशपांडे यांची आईही मनात घर करते. परंतु चित्रपटाचे खरे बळ मला निराळ्याच ठिकाणी दिसते. नंदूची बालमैत्रीण मीनल त्याच्यासाठी काही करू पाहते, तेव्हा तिच्याच संसारात कुरबुर सुरू होते. दया करायला कोणाचीच ना नसते. पण त्या दयेला रोजचा वेळ द्यायचा म्हटले की घराची घडी विसकटते. हे कथेने अचूक हेरले आहे.

माझी तक्रार एवढीच, की सारी मदत एका मीनलच्या चांगुलपणावर आणि जुन्या मैत्रीवर उभी राहते. ज्या नंदूला मीनल भेटत नाही, त्याने काय करावे?

नंदू निदान परक्यालाही लळा लावतो. स्वमग्न मुलाचा लळा परक्याला चटकन कळत नाही, म्हणून त्याचे घर अधिकच एकटे पडते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ह्या अवस्थेचे वर्णन केले. पुढे कित्येक विद्वानांनी आईच्या थंडपणालाच दोष दिला. ब्रुनो बेटलहाइम यांचे त्या मताचे पुस्तक १९६७ सालचे. त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क ह्या अमेरिकन आईचे, स्वतःच्या स्वमग्न मुलीविषयीचे 'द सीज' प्रसिद्ध झाले. आई गुन्हेगार नव्हे आणि देवीही नव्हे, ती डोळसपणे पाहणारी, धडपडणारी बाई आहे, हे त्यातून कळते. आईला दोष द्या की देव्हाऱ्यात बसवा, दोन्हीकडे ती एकटीच!

आमच्या नाशकात रजनीताई लिमये ह्या शिक्षिकेने, स्वतःच्या मुलाच्या अनुभवातून, १९७७ साली विशेष मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली. अशा शाळेच्या दारात एक आई दुसरीला भेटते, रात्रीच्या जागरणाचे बोलते, आणि ओझे वाटले जाते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेचे नाव घेतले; आमच्या कथेने ते दार अजून पुरते उघडलेले नाही.

तेव्हा लेखकबंधूंनो, आईवर पुष्कळ लिहिलेत, आता शेजाऱ्यावर लिहा. आणि वाचकहो, फटाक्यांच्या आवाजाला कान झाकून घेणारे मूल तुमच्या आळीत असेल, तर यंदा तेवढ्यापुरते फटाके बाजूला ठेवा आणि त्या घरच्या साऱ्यांना फराळाला बोलवा.