गोधडीची समीक्षा

आपल्याकडे काव्याची समीक्षा होते, चित्राची होते. गोधडीची मात्र होत नाहीं. भिंगारसारख्या गांवीं अंगणांत पसरलेल्या गोधडीकडे आपण वाळवणाकडे पाहावें तितक्याच उदासीनतेनें पाहतों. वस्तुतः तिच्यांतील रचना विचारपूर्वक केलेली असते. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर अंथरून त्यांवर धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालावयाच्या. ज्या टाक्यानें थर एकजीव होतात तोच टाका अलंकारही होतो. उपयोग आणि शोभा यांची अशी एकरूपता आपल्या पुष्कळ काव्यांतही आढळत नाहीं!

हल्लीं छंद म्हणून भरतकाम करणाऱ्या कित्येक सुशिक्षित भगिनी नवें कापड कापून ठिगळें जोडतात व छापील नक्षीवर रंगीत धागे भरतात. छंदाला आमचा विरोध नाहीं. परंतु नक्षी दुसऱ्याची आणि हात तेवढा आपला, याला सर्जन कसें म्हणावें? कोणतें लुगडें मध्यें घ्यावें, कोणता कांठ कडेला लावावा, हें आजी स्वतः ठरवीत असे.

गरजेपोटीं जन्मलेली वस्तु कला कशी, असा आक्षेप येईल. बंगालच्या कांथेवर स्टेला क्रामरिश यांनी 1939 सालीं लेख लिहिला. अमेरिकेंतील गीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या 2002 सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्याही गरजेपोटींच शिवलेल्या होत्या. उणीव आहे ती आपल्या दृष्टींत. ती सुधारावयाची तर पुढील गोधडीचा आरंभ आईच्या जुन्या लुगड्यापासून करावा.