साखरखेर्ड्यानंतर मुबारिझखानाचे घर

साखरखेर्ड्याची लढाई मराठी इतिहासग्रंथांत येते ती बहुधा बाजीराव पेशव्यांच्या चरित्रातील एक उपकथानक म्हणून. ऑक्टोबर १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील या गावाजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची गाठ पडली. बाजीरावांनी या प्रसंगी निजामाचा पक्ष घेतला. निजाम जिंकला, मुबारिझखान पडला, हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला, आणि आपला इतिहासकार चार वर्षे ओलांडून पालखेडकडे निघाला. मुबारिझखानाच्या पाठीमागे जे घर राहिले त्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. तो विचारला की ज्या ग्रंथाकडे आपण उत्तरासाठी जातो, तो ग्रंथच वेगळा दिसू लागतो. या लेखाचा विषय तो आहे.

प्रथम या लढाईचे स्वरूप पाहू. ही परचक्राविरुद्धची लढाई नव्हती. निजाम-उल-मुल्क दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत परतत होता. मुबारिझखान दहा-बारा वर्षांपासून हैदराबादचा सुभेदार होता. बादशहा महंमदशहाने त्यालाच साऱ्या दक्षिणेची सुभेदारी देऊ केली आणि निजामाला अडवायला सांगितले. दोघेही एकाच बादशहाचे चाकर, दोघांच्याही फौजांत मोगल, पठाण, हिंदू, मुसलमान. निकाल लागल्यावर बादशहाने पुढच्याच वर्षी विजेत्याला ‘आसफजाह’ हा किताब दिला. म्हणजे ज्याच्या हुकमाने मुबारिझखान लढला, त्यानेच त्याला मारणाऱ्याचा सन्मान केला. यादवी म्हणतात ती हीच. तिच्यात हरणारा बंडखोर ठरतो, आणि त्याच्या घरच्यांना तो कलंक मागाहून धुऊन काढावा लागतो.

मुबारिझखानाचे मूळ नाव ख्वाजा महंमद. घराणे बल्खचे. औरंगजेबाचा विश्वासू चिटणीस इनायतुल्लाखान याची मुलगी त्याला दिलेली होती, आणि त्याच्या भाग्योदयात या सोयरिकीचा वाटा मोठा होता. साखरखेर्ड्याच्या रणात त्याच्याबरोबर त्याचे मुलगेही होते. त्यांपैकी दोघे बापाबरोबर पडले, दोघे जखमी होऊन निजामाच्या हाती लागले. थोरला मुलगा ख्वाजा अहमदखान हैदराबादेत मागे राहिला होता. बातमी पोचताच त्याने कुटुंबकबिला आणि खजिना घेऊन गोवळकोंड्याचा किल्ला गाठला. निजाम हैदराबादेत आला तरी त्याने दरवाजे उघडले नाहीत. सुमारे वर्षभर किल्ला त्याच्या ताब्यात होता. अखेर बोलणी झाली, किल्ल्या निजामाच्या स्वाधीन झाल्या, आणि ख्वाजा अहमदखानाला मनसब व ‘शहामतखान’ हा किताब मिळाला.

एवढी हकिकत आपल्याला कळते ती मुख्यतः दोन फारसी ग्रंथांमुळे. एक खाफीखानाचा इतिहास. खाफीखान अखेरच्या काळात निजामाच्या आश्रयाला होता, तेव्हा त्याचा कल सांगायला नको. दुसरा ग्रंथ ‘मआसिर-उल-उमरा’, म्हणजे मोगल सरदारांच्या सातशेहून अधिक चरित्रांचा अकारविल्हे कोश. मराठी अभ्यासक या ग्रंथाकडे तारखा आणि मनसबींचे आकडे शोधायला जातात. काम झाले की तो मिटतात. पण सलग वाचणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येते. चरित्र नायकाच्या मृत्यूपाशी थांबत नाही. बहुधा शेवटी मुलांचा हिशेब असतो: थोरला अमुक किताबाला चढला, धाकटा तमुक किल्ल्यावर होता, एकाने फकिरी घेतली, एक तरुणपणीच गेला. काही ठिकाणी हा हिशेब दोन ओळींचा, काही ठिकाणी पानभर. आजवर याला कोशकाराची शिस्त समजले गेले. मला हा या ग्रंथाचा गाभा वाटतो, आणि त्याचे कारण ग्रंथाच्या जन्मकथेत आहे.

‘मआसिर’चा कर्ता शाहनवाजखान. जन्म १७०० चा, लाहोरचा. आयुष्य गेले औरंगाबादेत. निजामाच्या चाकरीत तो वऱ्हाडचा दिवाण होता, म्हणजे ज्या सुभ्यात साखरखेर्डा येतो त्याचाच महसूल त्याच्या हाताखालून गेला होता. १७४१ मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग बापाविरुद्ध उठला. या बापलेकांच्या लढाईत शाहनवाजखान मुलाच्या बाजूने गेला आणि हरला. जीव वाचला, चाकरी गेली. त्यानंतरच्या सुमारे पाच वर्षांच्या सक्तीच्या एकांतवासात त्याने हा ग्रंथ लिहिला. मर्जीतून उतरलेल्या सरदाराच्या घराला पुढे काय वाढून ठेवलेले असते, हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता.

पुढे दिवस पालटले. तो सलाबतजंगाचा दिवाण झाला. पण निजामाच्या मुलांच्या आपसांतील भांडणात आणि बुसीच्या फ्रेंच फौजेच्या राजकारणात मे १७५८ मध्ये औरंगाबादेस त्याचा खून झाला. त्याच्याबरोबर त्याचा एक मुलगाही मारला गेला. घर लुटले गेले, आणि त्या लुटीत ग्रंथाचे हस्तलिखितही गेले. त्याचा मित्र, कवी व विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी याने वर्षभराच्या शोधानंतर ते बाड मिळवले. शाहनवाजखानाचा दुसरा मुलगा मीर अब्दुल हय्य हाही एकदा वऱ्हाडचा दिवाण होता. बापाच्या खुनानंतर त्याला कैदेत टाकण्यात आले, तेही गोवळकोंड्यालाच. १७५९ च्या सुमारास निजाम अलीने त्याला सोडले, मान दिला आणि बापाच्या किताबावर बसवले. मग या मुलाने बापाचा ग्रंथ हाती घेतला, त्यात भर घातली आणि १७८० मध्ये तो पुरा केला.

आता मुबारिझखानाच्या घराची हकिकत पुन्हा पाहावी. बाप मारला गेला, एक मुलगा गोवळकोंड्यात, मग त्याच दरबाराकडून किताब. शाहनवाजखानाच्या घराचीही हकिकत हीच. बाप दुसऱ्याच्या घराविषयी लिहीत होता तेव्हा आपल्या घराचे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हते. मुलगा ते पुरे करत होता तेव्हा त्याला सगळे ठाऊक होते. ‘मआसिर’चा समंजस सूर, कोणाचीही फार निंदा न करण्याची त्याची रीत हिची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. त्या समंजसपणाची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. आसफजाही घराण्याने दिलेल्या पदावर बसून त्याच घराण्याच्या भांडणांत बळी पडलेल्यांची चरित्रे लिहायची, तर सूर दुसरा कसा लागणार? ‘शहामतखान हा किताब मिळाला’ हे वाक्य दोन प्रकारे वाचता येते. विजेता उदार होता, असे एक. मुलाने घर वाचवण्यासाठी बाप मारणाऱ्याच्या हातून वस्त्रे स्वीकारली, असे दुसरे. ग्रंथ पहिला अर्थ पुढे करतो. दुसरा तो पुसत नाही, एवढा त्याचा प्रामाणिकपणा.

ग्रंथाची मर्यादाही इथेच आहे. घर म्हणजे मनसब मिळालेले मुलगे, ही त्याची व्याख्या. गोवळकोंड्यात वर्षभर कोंडून राहिलेला कबिला ‘कबिला’ या एका शब्दातच राहतो. आणि साखरखेर्ड्याच्या शेतांत जे साधे शिपाई पडले, त्यांच्या घरांना तर तो शब्दही मिळत नाही. ज्याच्याजवळ वाटाघाटीला किल्ला होता, त्याचे पुढे काय झाले ते आपल्याला कळते.

याच तालुक्यातील दुसऱ्या एका घराशी तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा खून झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव मारले गेले. तिथेही यादवीच होती. निजामशाही आतून फुटली होती आणि लखुजींच्या निष्ठेविषयी दरबाराला संशय होता. पण तिथे मागे राहिलेली पत्नी इतिहासात दिसते. शहाजहानकालीन फारसी बखरकार सांगतो की घरातील जगदेवरावांसह ती सिंदखेडला निघून आली, निजामशहाच्या समजावणीला बधली नाही, आणि घराने मोगलांची चाकरी पत्करली. कारभार तीच पाहत असे, असेही तो लिहितो. जिजाबाईंचे माहेर म्हणून आपण या घराकडे पाहतो, पण हे घर टिकले त्याचे कारण निराळे आहे. जाधवांपाशी वतन होते. मनसब दरबार देतो आणि दरबारच काढून घेतो. वतनाची मुळे गावात असतात. म्हणून सिंदखेड राजाला लखुजींची भव्य समाधी उभी आहे, आणि देऊळगाव, आडगाव, मेहुणा, किनगाव या गावांच्या नावांपुढे अजून ‘राजा’ लागतो. मुबारिझखानाच्या मुलांना वतन नव्हते. होता तो एक किल्ला, आणि तो सोडल्याच्या बदल्यात मिळालेला किताब.

तेव्हा ‘मआसिर-उल-उमरा’ केवळ साधनग्रंथ म्हणून चाळण्यापेक्षा, यादवीत बाप गमावलेल्या मुलाने पुरा केलेला ग्रंथ म्हणून तो वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्यातील किताबांच्या याद्या मग कंटाळवाण्या राहत नाहीत. प्रत्येक किताबामागे एक तह दिसू लागतो, आणि त्या तहात कोणाची नावे आली नाहीत हेही.

लढाईनंतर निजामाने साखरखेर्ड्याचे नाव ‘फत्तेखेर्डा’ असे ठेवले होते. ते कागदांत राहिले. आज तिथे जाणारे बहुतेक लोक प्रल्हाद महाराजांच्या दर्शनाला जातात, आणि गावाला साखरखेर्डाच म्हणतात.