हिरव्या तारेचं वाचन

जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचा रेग्युलेटर पंजात सहज मावतो. पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पोटात ओतून गोठवलेलं इपॉक्सी आणि चार पिना. तो उघडता येत नाही. आत काय चाललंय हे बाहेर येणाऱ्या चार तारांवरूनच ओळखायचं. रचना छोटी आणि तिच्यातलं बरंचसं न सांगितलेलं, म्हणून ती सावकाश वाचावी अशी आहे.

पांढरी तार मॅग्नेटमधल्या कॉइलचं शेवटचं टोक, पिवळी त्याच कॉइलचा मधला फाटा. लाल बॅटरीकडे जाते, हिरवी अर्थिंगला. स्प्लेंडर १९९४ साली आली, तिच्या आधीची सीडी १०० १९८५ची. एवढ्या वर्षांत कितीतरी गाड्यांची वायरिंग कापली गेली, जोडली गेली, टेप गुंडाळून पुन्हा बसवली गेली. तरीही परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या बाजारातला मेकॅनिक कपलर सोडवतो तेव्हा रंगांवरूनच वाट काढतो.

मॅग्नेट फिरतो तशी वीज उलटसुलट वाहते, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. या धाटणीच्या सर्किटात लाटेचा एक अर्धा भाग बॅटरीला जातो, दुसरा दिव्यांना. एकाच डब्यात दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळी वागणूक मिळते. बॅटरीच्या वाटेत थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच उभा असतो. बॅटरी साडेचौदा व्होल्टच्या आसपास पोचली की तो दार उघडतच नाही. न घेतल्याने तिथे विशेष काही वाया जात नाही. दिव्यांच्या बाजूला मात्र आलेली वीज अडवली जात नाही. जास्तीची हिरव्या तारेतून सरळ अर्थला सोडून दिली जाते.

येलदरी धरण भरलं की दरवाजे उघडून पूर्णा नदीत पाणी सोडतात, तसंच हे. पण ही तुलना फार ताणू नये. येलदरीतून सुटलेलं पाणी पुढे सिद्धेश्वर धरणाला उपयोगी पडतं. इथे सोडलेल्या विजेची नुसती उष्णता होते, आणि ती कॉइलने आणि रेग्युलेटरने वाटून घ्यायची असते. पाठीवरच्या पट्ट्या शोभेच्या नाहीत. म्हणूनच भर दुपारी, दिवा बंद ठेवून, गाडी सुसाट सोडली की दिव्याच्या बाजूवर सगळ्यात जास्त ताण. दिवा लागलेला असता तर ३५ वॅटचा बल्ब त्यातली बरीच वीज खाऊन गेला असता. दिव्याला सांभाळणारं यंत्र दिवा बंद असतानाच जास्त राबतं!

परभणीचा उन्हाळा या मजकुरात आणखी एक ओळ घालतो. लेड-ॲसिड बॅटरीला उन्हात कमी व्होल्टेज पुरतं. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की साधारण पाव ते अर्धा व्होल्ट कमी चालतो. मात्र रेग्युलेटरने ठरवलेला आकडा ऋतूप्रमाणे बदलेलच याची खात्री नाही. म्हणून मे महिन्यात बॅटरीचं पाणी लवकर आटतं आणि टर्मिनलवर पांढुरका-हिरवा थर चढतो. लोक म्हणतात, बॅटरी उकळतेय. म्हणणं चुकीचं नाही, पण त्यावरून लगेच रेग्युलेटरला दोषी ठरवणं घाईचं.

त्यातून या गाड्यांची ठिणगी वेगळ्या कॉइलवर चालते, त्यामुळे बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी सुरू होते. या सोयीपायी बरेच जण मेलेली बॅटरी वर्षानुवर्षं तशीच ठेवतात, काही तर काढूनच टाकतात. बॅटरी नसली की लाल तारेवरचे चढउतार गिळायला कोणी उरत नाही. रेग्युलेटर उघडा पडतो, इंडिकेटर-हॉर्नचे हाल होतात.

आता दिव्याकडे पाहा. रात्री शेतातून येताना गाडी संथ असेल तर उजेड मंद आणि थरथरता, ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख. हा बिघाड नाही, अर्ध्या लाटेवरचा दिवा असाच चालतो. पण गाडी पळवली की बल्ब उडत असेल, नवा घालून तोही उडत असेल, तर मात्र थांबायला हवं. बहुतेकदा इथे बल्ब बदलतात, मग रेग्युलेटर बदलतात, मग पुन्हा बल्ब. आपल्याकडे म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. पण वायरिंगच्या कामाला हा बाणा परवडत नाही. दोष पुष्कळदा हिरव्या तारेत असतो. चॅसीवरचा रंग, गंज, पावसाळ्यात बसलेली काळ्या मातीची खपली, यामुळे अर्थ तुटतो. जास्तीची वीज सोडायची वाटच बंद झाली तर बिचारा रेग्युलेटर ती सोडणार कुठे? मग ती बल्बवर जाते.

म्हणून नवा डबा आणण्याआधी मल्टीमीटर हवा. गाडी बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी सुरू करून रेस दिली की आकडा चौदाच्या पुढे सरकावा आणि साडेचौदाच्या आगेमागे थांबावा. सोळाकडे पळाला तर रेग्युलेटरवर संशय रास्त. बारावरच अडकला तर आधी पांढऱ्या तारेत कॉइलची वीज येते का पाहावं, मग फ्यूज, मग लाल तारेचा कपलर. पिवळट पडून वितळलेलं कपलरचं प्लास्टिक पुष्कळ काही सांगतं.

बदलायचा ठरलाच तर काम दहा-पंधरा मिनिटांचं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, बोल्ट खोला, कपलर सोडवून नव्याला लावा. चालू गाडीत बॅटरी मात्र कधी सोडवू नये. नवा घेताना नुसत्या चार पिना मोजून चालत नाही. सारखा कपलर असूनही आतलं सर्किट पूर्ण लाटेचं असू शकतं, आणि जुन्या कॉइलशी त्याचं जमत नाही. बसवण्याआधी चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा. या घासण्याला मी सगळ्यात जास्त गुण देईन.

शेवटी मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेग्युलेटरच्या हिरव्या पिनेला लावून, दिवा पेटवून, रेस द्यावी. आकडा शून्याला चिकटून राहिला तर साइड कव्हर बसवायला हरकत नाही. अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवला तर बोल्ट पुन्हा खोला.