तीन सारखे पोशाख : ‘सुप्रीम्स’च्या प्रदर्शनासंबंधी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २००८ साली ‘सुप्रीम्स’ ह्या अमेरिकन गायिकात्रयीच्या रंगमंचीय पोशाखांचे प्रदर्शन भरले होते. डेट्रॉइटच्या मोटाउन ह्या ध्वनिमुद्रण-संस्थेने १९६१ साली करारबद्ध केलेल्या ह्या कृष्णवर्णीय गायिकांचे पन्नासांहून अधिक पोशाख त्यात होते. ते जतन केले होते त्रयीपैकीच एक असलेल्या मेरी विल्सन ह्यांनी. आणि प्रदर्शनाच्या शीर्षकात सुप्रीम्सची ‘कथा’ व विल्सन ह्यांचा ‘संग्रह’ हे दोन्ही शब्द शेजारी बसविले होते. परीक्षणाचा खरा विषय हे शेजारपणच होय.

रंगमंचावरील वस्त्र संग्रहालयात निष्प्राण होते, ही तक्रार जुनीच आहे आणि ती खोटीही नाही. टिकल्या व मणी झोताच्या प्रखर उजेडासाठी जडविलेले असतात. संग्रहालयात मात्र वस्त्र विटू नये म्हणून प्रकाश सुमारे ५० लक्सवर ठेवावा लागतो. तथापि ह्या हानीवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. पुतळ्यांवरही टिकून राहते ते पोशाखांचे सारखेपण, आणि अर्थ आहे तो तेथेच.

मोटाउनमध्ये मॅक्सीन पॉवेल ह्या तरुण गायकांना उठण्याबसण्याची व चालण्याची रीत शिकवीत. त्या शिस्तीत घडलेली, उंची झग्यांतील ही त्रयी गोऱ्या अभिरुचीला शरण गेली, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच ग्राह्य आहे. नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला. त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला ह्या तिघी एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात प्रथम झळकल्या. मोलकरणीच्या भूमिकेतच कृष्णवर्णीय स्त्री पाहण्याची सवय जडलेल्या प्रेक्षकांपुढे असा डौल मिरविणे म्हणजे आर्जव नव्हे, हक्कच सांगणे होते.

परंतु एकसारख्या कापडाने सुचविलेली समता त्रयीच्या आत नव्हती. १९६७ साली फ्लॉरेन्स बॅलर्ड ह्यांना दूर करून सिंडी बर्डसाँग ह्यांना घेण्यात आले. त्याच वर्षी ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ हे नाव रूढ झाले. एक गेली, दुसरी आली, तिसरीचे नाव पुढे सरकले; तरी तिघींना एकाच वेषात उभे करण्याची रीत लगेच सुटली नाही. बॅलर्ड १९७६ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारल्या. सारखे झगे ओळीने मांडले की ही उलथापालथ दिसतच नाही. कोणता बॅलर्डचा आणि कोणता बर्डसाँगचा, हे वस्त्र स्वतः सांगत नाही.

म्हणून संग्रह कोणाचा, हा प्रश्न केवळ नोंदवहीतला राहत नाही. रॉस १९७० च्या प्रारंभी बाहेर पडल्या. विल्सन १९७७ पर्यंत, म्हणजे त्रयी विसर्जित होईतो, राहिल्या. जी अखेरपर्यंत राहिली तिनेच वस्त्रे राखली. अशा संग्रहातून उभी राहणारी कथा ही एका सहभागी व्यक्तीची साक्ष असते, आणि साक्ष म्हणूनच ती मोलाची आहे; संस्थेच्या अधिकृत इतिहासाहून कदाचित अधिकच. मात्र समूहाची कथा म्हणून ती मांडताना साक्षीदाराची जागा प्रेक्षकास स्पष्ट दाखविणे संग्रहालयाचे काम ठरते. विल्सन २०२१ साली निवर्तल्या. कोणता झगा कोणाच्या अंगावर होता, हे पाहताक्षणी सांगू शकणारी नजर त्यांच्याबरोबर गेली.