साक्षी: अलिप्त आणि गुंतलेला

मराठीत 'साक्षी' या शब्दामागे दोन परंपरा आहेत. वेदान्तातील साक्षी केवळ पाहतो. कर्तेपणापासून तो अलिप्त असतो. न्यायसभेतील साक्षी पाहिलेले सांगतो. बायबलच्या मराठी भाषांतरांनी हाच शब्द स्वीकारला. परंतु तेथे अलिप्ततेला जागा उरत नाही.

जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकानुसार दोन-तीन साक्षीदारांवाचून आरोप सिद्ध होत नाही, आणि देहान्ताच्या शिक्षेत पहिला हात साक्षीदारांनीच उचलावयाचा असतो. 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये हे चित्र पालटते. स्तेफनावर दगड टाकणारे साक्षीदार आपली वस्त्रे शौलाच्या पायांशी ठेवतात. पुढे पौल झालेला तोच शौल मारल्या गेलेल्या स्तेफनाला साक्षी म्हणतो. ग्रीक 'मार्तुस' या शब्दाला पुढे हुतात्म्याचा अर्थ आला, त्याचे बीज येथे आहे.

साक्षीला किंमत असते, तशी मर्यादाही असते. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध धर्मपंडितांच्या वादात शिरत नाही. दृष्टी नव्हती, ती आली, एवढ्यावर तो ठाम राहतो आणि बहिष्कृत होतो.

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रे या दोन कसोट्यांवर पाहण्याजोगी आहेत. 1854 साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त (1888) शीर्षकापासूनच प्रकाशाची दिशा ठरलेली आहे. पूर्वायुष्य अंधाराच्या बाजूला जाते आणि निवेदनाच्या जोडीला युक्तिवाद येतो. वादविवादाच्या त्या काळात ते स्वाभाविकही होते.

1934 पासून प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची वाट निराळी आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला प्रथम आला तो विरह. स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंत सुमारे पाच वर्षे गेली. पुढे श्रद्धा लाभली, तरी त्या श्रद्धेने मागचे दुःख खोटे ठरविले नाही. सोवळ्याओवळ्याची धास्ती, संताप, स्वतःची फजिती हे सारे त्या जसेच्या तसे मांडतात. पतीचा निर्णय त्या विजय म्हणून सांगत नाहीत. घरावर कोसळलेला आघात म्हणून सांगतात.

म्हणूनच धर्म न मानणाऱ्या वाचकालाही ही साक्ष विश्वसनीय वाटते. जे गमावले त्याची नोंद गाळून जे मिळाले तेवढेच सांगणारा वकील होतो. दोन्ही सांगतो तो साक्षी.