उमेदवार आणि मित्रदेश : बोलण्याची कसोटी

निवडणुकीला उभा असलेला माणूस मित्रदेशांबद्दल, त्यांच्या नेत्यांबद्दल बोलतो तेव्हा त्याने कसं बोलावं? मी अमेरिकेतली तीन उदाहरणं घेतो, कारण तिथल्या उमेदवाराचं वाक्य त्याच दिवशी जगभर पोचतं.

जुलै 2012. मिट रॉम्नी लंडनला गेले. ऑलिंपिक दोन दिवसांवर आलेलं. ज्या खासगी कंपनीला कंत्राट दिलं होतं तिला पुरेसे सुरक्षारक्षक देता आले नव्हते, म्हणून लष्कराला बोलवावं लागलं होतं. ही लक्षणं काळजीची आहेत, असं रॉम्नी मुलाखतीत म्हणाले. बरं, माणूस जाणकार. 2002 चं सॉल्ट लेक सिटीचं हिवाळी ऑलिंपिक त्यांनीच सांभाळलेलं. म्हणणंही खोटं नव्हतं. ब्रिटिश वर्तमानपत्रं तेच छापत होती. पण स्वयंपाकाला घरच्यांनी नावं ठेवणं वेगळं आणि पाहुण्याने पानावर बसून ठेवणं वेगळं! पंतप्रधान कॅमेरॉन यांनी टोला मारला की आडरानात ऑलिंपिक भरवणं सोपंच असतं. महापौर बोरिस जॉन्सन यांनी हाइड पार्कच्या गर्दीपुढे खिल्ली उडवली. आणि हे दोघंही हुजूर पक्षाचे, म्हणजे रॉम्नींना विचाराने जवळचे.

त्याआधी चार वर्षं, जुलै 2008 मध्ये, ओबामा बर्लिनमध्ये बोलले. समोर सुमारे दोन लाख लोक. उमेदवाराने ब्रँडेनबर्ग गेटपाशी सभा घ्यावी हे मर्केल यांना पसंत नव्हतं, म्हणून सभा विजयस्तंभापाशी झाली. मी उमेदवार म्हणून नाही, नागरिक म्हणून बोलतोय, असं त्यांनी सांगितलं. अफगाणिस्तानात तुमचं सैन्यही लागेल, हेसुद्धा सांगितलं. शिष्टाचार सांभाळला. पण ‘नागरिक’ हा शब्द मला पटत नाही. दोन लाख माणसं एका नागरिकासाठी जमत नसतात.

तिसरं उदाहरण फेब्रुवारी 2024 चं, साउथ कॅरोलायनातलं. नाटोचे देश संरक्षणावर पुरेसा खर्च करत नाहीत, ही ट्रम्प यांची तक्रार रास्त होती. उत्पन्नाच्या 2 टक्क्यांचं उद्दिष्ट 2014 मध्ये वेल्सच्या बैठकीत सगळ्यांनीच मान्य केलं होतं. पण पैसे न देणाऱ्यांच्या बाबतीत रशियाला हवं ते करायला आपण उत्तेजनच देऊ, असं ते सभेत म्हणाले. इथे गाडी रुळावरून घसरली. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे नाटोचं कलम आजवर एकदाच लागू झालंय, तेही 2001 मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यावर.

काही जण म्हणतील, मतदाराला उमेदवाराचं खरं मत कळायला नको का? कळायलाच हवं. मित्राचा हिशेब मागा, आकड्यानिशी मागा, आपल्या मतदारांसमोर मागा. रॉम्नींची जागा चुकली, ओबामांनी आपली भूमिका झाकली. दोन्ही गोष्टी पुढे विसरल्या जातात. करार पाळू की नाही याबद्दलच शंका निर्माण केली, तर मात्र ती निवडणूक संपली तरी उरते. करार मोडावा लागत नाही. समोरच्या शत्रूला तो मोडेल असं वाटलं, की अर्धं नुकसान झालेलंच असतं.