साठ मिनिटांचा राजपुत्र

बालपणीच्या खेळांविषयी ह्या पत्रिकेत आजवर पुष्कळ लिहून आले आहे. विटीदांडू, सागरगोटे, ओट्यावर खडूने आखलेला अष्टाचंग, आणि ज्याला आपण घरात लगोरी व गल्लीत सितोलिया म्हणत आलो तो खेळ. ही स्मरणे वाचून आम्हीही सुखावलो आहोत. परंतु ज्या पिढीचे बालपण १९९० च्या दशकात इंदूरच्या ह्याच वाड्यांतून व पुढे त्यांच्या जागी उठलेल्या सदनिकांतून गेले, ती आता चाळिशीत आली आहे आणि तिलाही मागे वळून पाहावेसे वाटते. तिच्या आठवणींत ‘मारिओ’ आहे, ‘काँट्रा’ आहे, आणि ज्यांना संगणक लाभला त्यांच्या आठवणींत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आहे. ह्या शेवटच्या खेळाचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे. ते साहित्याच्या पत्रिकेत कशासाठी, असा आक्षेप घेणारांस एवढेच सांगावयाचे की, ह्या खेळाविषयी आमचे हातून पूर्वी एक निर्णय विचार न करता झालेला आहे.

आमचा त्याच्याशी परिचय कचेरीत झाला. १९९२ च्या सुमारास आमच्या खात्यात एकुलता एक संगणक आला. त्याची खोली वातानुकूलित होती (आमची नव्हती) आणि तिच्यात पादत्राणे काढूनच प्रवेश करावा लागे. एके दिवशी दुपारी आत गेलो तो चालक महाशय एका पांढऱ्या वस्त्रातल्या इवल्याशा माणसाला तळघरातून पळवीत होते. आम्ही हिंदीतून एक कडक टीप लिहिली आणि तो खेळ यंत्रावरून काढविला. फ्लॉपी चालकाच्या खिशात होती, त्यामुळे पुढच्या आठवड्यात राजपुत्र परत आला. ते असो.

खेळ जॉर्डन मेक्नर ह्या अमेरिकन तरुणाने रचिला. ब्रॉडरबंड ह्या प्रकाशनसंस्थेने तो १९८९ मध्ये ‘ॲपल दोन’ ह्या यंत्रासाठी काढला व १९९० मध्ये तो आपल्याकडच्या संगणकांना चालेल अशा डॉस रूपात आला. कथानक सांगण्यासारखे नाही. सुलतान युद्धावर गेला असता दुष्ट वजीर जाफर राजकन्येस कोंडून ठेवतो आणि एका तासात आपल्याशी विवाह अथवा मरण असा पर्याय देतो. तिचा प्रियकर तळघरात बंदिवान. त्याने साठ मिनिटांत बारा मजल्यांचे अडथळे पार करून तिच्यापर्यंत पोहोचावयाचे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ह्यात नावीन्य वाटणार नाही. इराणचा तर नावापुरताच संबंध. वजीर १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ ह्या चित्रपटातून आलेला आहे आणि एकंदर पौर्वात्य थाट हॉलिवूडचा आहे.

मग गुण कशात? आमच्या मते, त्या माणसाला वजन आहे ह्यात. मारिओ उडी मारतो आणि हवेतच दिशा बदलतो. त्याला हाडे नाहीत, म्हणून तो आनंदी आहे. हा राजपुत्र धावू लागला की दोन पावले त्याला वेग घेण्यास लागतात आणि थांबताना तो घसरत जातो. एकदा उडी घेतली की ती परत घेता येत नाही. काठ हाताला लागला तर तो बोटांवर लोंबकळतो आणि मग अंग वर ओढून घेतो. ते पाहताना आपलेही खांदे ताठतात. हे वजन कोठून आले ह्याची हकिकत रंजक आहे. मेक्नरने १९८५ मध्ये आपला शाळकरी धाकटा भाऊ डेव्हिड ह्याला पांढरे कपडे घालून मोकळ्या वाहनतळावर धावावयास, उड्या मारावयास लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले, आणि एकेक चित्र उतरवून घेऊन संगणकात भरले. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातील एरॉल फ्लिन व बेसिल रॅथबोन ह्यांच्या द्वंद्वाचा आधार घेतला. आम्ही ज्याला करमणुकीची चित्रे समजत होतो तो एका खऱ्या मुलाचा खरा श्वासोच्छ्वास होता.

दुसरा गुण काळाच्या योजनेत आहे. राजपुत्र कितीदाही मरू शकतो. खिळ्यांवर पडला, पात्यांमध्ये चिरला गेला, पहारेकऱ्याने भोसकला, तरी त्याच मजल्याच्या आरंभी तो पुन्हा उभा असतो. घड्याळ मात्र मागे जात नाही. प्रत्येक मरणाची किंमत मिनिटांत चुकती करावयाची, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे खेळणारा घाईही करू शकत नाही आणि सावकाशही जाऊ शकत नाही. निवृत्तीनंतर आम्हांला ह्या योजनेचे मर्म अधिक कळू लागले आहे.

तिसरी गोष्ट सावलीची. मेक्नरच्या मूळ आराखड्यात युद्ध नव्हतेच. एक सहकारी त्याला वारंवार सांगत राहिली की प्रतिस्पर्ध्यावाचून ह्यात जीव येणार नाही. परंतु यंत्राची स्मृती इतकी तोकडी की दुसऱ्या पात्राची चित्रे मावेनात. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून त्याच चित्रांशी भिडविली व त्यातून एक चमचमती छायाकृती निर्माण केली. चौथ्या मजल्यावर वाटेत आरसा आडवा येतो. त्यातून धावत उडी घेतली की पलीकडून ही छाया बाहेर पडते आणि राजपुत्राचे बळ केवळ एक अंश उरते. पुढे ती त्याच्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करून त्याला खाली पाडते. बाराव्या मजल्यावर ती तलवार उपसून समोर उभी राहते. आपण वार केला की घाव आपल्यालाच लागतो. उपाय एकच: तलवार म्यान करावयाची. मग तीही म्यान करते, दोघे एकमेकांकडे धावतात आणि एक होतात. त्यानंतर पुढे जी पोकळी आहे तिच्यात पाऊल टाकले की पायाखाली फरशी उमटत जाते. यंत्राच्या दारिद्र्यातून एवढी समृद्ध कल्पना निघावी ह्याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

दोषही सांगितले पाहिजेत. मधले काही मजले एकसुरी आहेत. विषाची कुपी केवळ रंगावरून ओळखावयाची; आपल्याकडे बहुतेकांचे पडदे करडे असत, त्यांनी काय करावे? आणि राजकन्या! साऱ्या तासात ती बसून राहते. आठव्या मजल्यावर एक उंदीर पाठवून दार उघडविते, इतकेच तिचे कर्तृत्व. आमच्या नऊ वर्षांच्या नातीने पहिल्याच मिनिटाला विचारले, “आजोबा, ही स्वतः का नाही पळून जात?” चिपळूणकर वाचलेल्या आजोबांना शहरजादेचे स्मरण झाले. तिच्याही डोक्यावर मुदतीची तलवार होती, पण तिने निदान बोलून रात्री काढल्या.

ह्या खेळाचे मूळ लेखन मेक्नरकडून हरवले होते. २०१२ मध्ये ते त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींच्या रूपाने सापडले व त्यांनी ते मुलाकडे धाडले. हे वडील फ्रान्सिस मेक्नर व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ, ह्या खेळाचे संगीतही त्यांचेच. लहानपणी नाझींमुळे त्यांच्या कुटुंबाला व्हिएन्ना सोडावे लागले होते. मुलाने हे सर्व ‘रीप्ले’ ह्या चित्ररूप आत्मकथनात मांडले असून ते २०२४ मध्ये इंग्रजीत आले. ते फ्लॉपींचे प्रकरण आम्ही वाचले आणि काही वेळ पुढे वाचवेना.

कारण १९९९ च्या आरंभी, चिरंजिवांच्या दहावीच्या परीक्षेआधी, घरच्या संगणकावरून हा खेळ आम्हीच पुसला होता. मारामारीचा खेळ म्हणून कचेरीतली टीप घरीही लागू केली. तो बाराव्या मजल्यावर पोहोचून सावलीपाशी अडला होता आणि तेथवरची नोंद त्याने जपून ठेवली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्याने वाद घातला नाही.

गेल्या दिवाळीत तो मुलीला घेऊन घरी आला असता त्याने लॅपटॉपवर तोच जुना खेळ उघडला. संध्याकाळभर आम्ही तिघे पाहत होतो. सावली समोर आली. म्यान करण्याचे रहस्य त्याने पुढे महाविद्यालयात मित्राकडून ऐकले होते, स्वतः कधी करून पाहिले नव्हते. “बाबा, आता बघा,” तो म्हणाला आणि त्याने तलवार खाली केली. फरशी उमटत गेली. जाफरपर्यंत पोहोचेतो मात्र घड्याळ संपले. नातीने पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयास सांगितले. आत पाने मांडली होती, ती थोडा वेळ तशीच राहिली.